तळघरातला ठेका आणि आपली ढोलकी

रॅपमधला विद्रोह आपण फक्त शब्दांत शोधतो. आऊटकास्टचा १९९४ चा पहिला अल्बम ऐकला की आम्हाला हे अपुरं वाटतं. अटलांटाच्या त्या दोन कृष्णवर्णीय पोरांनी न्यूयॉर्कचा हेल उसना घेतला नाही, हे खरंच. पण त्यांच्या दक्षिणी बोलीला पायाखालची जमीन दिली ती ऑर्गनाइज्ड नॉइझनं, म्हणजे रिको वेड, रे मरे आणि स्लीपी ब्राउन या त्रिकुटानं. स्टुडिओ कुठला, तर वेडच्या आईच्या घराचं तळघर! नुसते जुन्या रेकॉर्डचे तुकडे न जोडता बास, गिटार प्रत्यक्ष वाजवून घेतली. म्हणून तो ठेका सैल, उबदार, त्यांच्याच गल्लीतला वाटतो.

१९९५ मध्ये न्यूयॉर्कला पुरस्कार घेताना त्यांची हुर्यो उडवली गेली. शोषितांच्या कलेतही प्रस्थापित असतात.

पँथर हे नाव आपण तिकडूनच घेतलं. मग हेही घ्या. रॅप करणाऱ्या पोरांनो, नेटवरची फुकट बीट सोडा, वस्तीतल्या भीमगीतांच्या पार्टीतला ढोलकीवाला बोलवा. पोस्टरवर त्याचंही नाव छापा. वामनदादांची गाणी आपल्याला पाठ आहेत, त्यांच्यामागं ढोलकी कोण वाजवायचं, हे किती जणांना सांगता येईल?