फोटोतून काय पुसायचं, काय ठेवायचं?

घरोघरी आता मोबाइल आहे आणि मोबाइलमध्ये कॅमेरा. हळदीकुंकू असो, बारसं असो की नवी साडी असो, दहा-वीस फोटो निघतातच. मग ते चार ग्रुपवर जातात, दोन दिवस अंगठे आणि फुलं गोळा करतात आणि मोबाइलची जागा भरली की पुसले जातात. एवढे फोटो काढूनही आपण नेमकं काय पाहिलं, हे विचारलं तर सांगता येत नाही.

म्हणूनच 'आठवड्याचा विषय' हा छंद मला फार मोलाचा वाटतो. फोटोग्राफीची आवड असणाऱ्यांमध्ये तो जगभर चालतो आणि करायला अगदी सोपा आहे. आठवड्याच्या सुरुवातीला एक शब्द ठरवायचा. सावली, लाल रंग, उंबरठा, हात, असं काहीही. आठवडाभरात त्या शब्दावर एकच फोटो निवडायचा, मोबाइलवरच त्याच्यावर थोडं काम करायचं आणि मैत्रिणींना दाखवायचा. त्यात पहिला-दुसरा नंबर नाही आणि बक्षीसही नाही.

आमच्या बचत गटात हप्ते गोळा करून झाले की शेवटची पंधरा मिनिटं आम्ही यासाठी ठेवतो. पहिला विषय होता 'सावली'. एकीने तुळशीवृंदावनाची सावली आणली, एकीने गच्चीवर पापड वाळत घालताना पडलेली स्वतःचीच. तिसरीच्या फोटोत कपडे काढून घेतलेली दोरी आणि भिंतीवर पडलेली चिमट्यांची सावली होती. मूळ फोटोत शेजारी बादली होती, मोरीचा पाइप होता. तिने ते कडेने कापून टाकलं, रंग काढून फोटो काळा-पांढरा केला, सावली थोडी गडद केली. आता ते चिमटे तारेवर बसलेल्या चिमण्यांसारखे दिसू लागले. "रोज तिथेच उभी असते, पण हे कधी दिसलं नव्हतं," असं ती म्हणाली. या छंदाचं सगळं मर्म त्या वाक्यात आहे. विषय ठरलेला असला की नजर शोधायला लागते. भाकरी थापताना, नळाला पाणी भरताना, एस.टी.ची वाट बघताना आपण त्या एका शब्दाच्या मागे असतो. ठिकाण रोजचंच असतं, आपली नजर मात्र जागी झालेली असते.

यावर एक प्रश्न हमखास येतो. फोटो काढला तसा ठेवावा, त्यात फेरफार करणं म्हणजे खोटेपणा नाही का? बातमीचा फोटो असेल तर नक्कीच आहे. तिथे एखादा माणूस पुसला किंवा एखादी वस्तू घातली तर ती वाचकाची फसवणूकच होते. पण मनातली गोष्ट सांगण्यासाठी फोटोवर हात फिरवणं हे काही मोबाइलने आणलेलं खूळ नाही. जुन्या वाड्यांत भिंतीवर आजी-आजोबांचे फोटो असायचे ना, ज्यात साडीचे काठ हिरवे आणि दागिने पिवळे दिसायचे? ते रंगीत फिल्मवर काढलेले नसायचे. काळ्या-पांढऱ्या फोटोवर स्टुडिओतला कारागीर ब्रशने रंग भरायचा. आपल्या देशात ही कला एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे.

ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंची गोष्ट तर आपण सगळ्यांनीच ऐकावी अशी आहे. १८१५ मध्ये कलकत्त्यात जन्मलेल्या या इंग्रज बाई संसारी, मुलाबाळांच्या. वयाच्या ४८व्या वर्षी, १८६३ मध्ये, मुलीने आणि जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला. इंग्लंडमधल्या घरी त्यांनी कोळशाच्या खोलीत फोटो धुवायची सोय केली आणि कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला. घरातल्या मोलकरणीला मेरी मातेच्या रूपात उभं केलं, शेजाऱ्यांना आणि पाहुण्यांना जुन्या काव्यकथांमधली पात्रं केलं. काचेच्या निगेटिव्हवर त्या ओरखडे काढायच्या, कधी दोन निगेटिव्ह मिळून एक चित्र करायच्या. फोटो धूसर आहेत म्हणून जाणकारांनी नावं ठेवली, पण बाईंनी आपली पद्धत सोडली नाही. आज त्यांचं काम मोठमोठ्या संग्रहालयांत मानाने ठेवलेलं आहे. तेव्हा "या वयात काय हे चाळे?" असं कुणी म्हणालं, तर त्यांना ही गोष्ट खुशाल सांगावी.

एडिटिंगला माझा विरोध नाही, हे यावरून लक्षात आलं असेलच. माझं म्हणणं आहे ते आपण काय पुसतो याबद्दल.

'हात' हा विषय होता तेव्हा आमच्यातल्या एका सुनेने सासूबाईंच्या हातांचा फोटो काढला. शेंगा फोडणारे हात, भेगा पडलेले, नखांत माती. मोबाइलमध्ये त्वचा गुळगुळीत करायची सोय असते. तिने सवयीने ती वापरली आणि हात मेणाचे दिसू लागले. गटात सगळ्या म्हणाल्या, अगं, हे त्यांचे हातच नव्हेत! मग तिने मूळ फोटो पुन्हा घेतला. आजूबाजूचा पसारा अंधारात नेला आणि उजेड फक्त हातांवर ठेवला. भेगा आणखी ठळक झाल्या. सासूबाईंनी तो फोटो बराच वेळ धरून ठेवला आणि विचारलं, "माझेच का गं हे?" फोटो एकच, मोबाइल एकच. पहिल्या वेळी चाळीस वर्षांचे कष्ट पुसले गेले होते, दुसऱ्या वेळी ते सगळ्यांना दिसले.

आपल्याकडे सगळ्यात जास्त एडिटिंग कशावर होतं? लग्नाच्या बायोडाटाला लावायच्या फोटोवर. मुलगी सावळी असेल तर दोन छटा उजळ करायची, गालावरचा डाग काढायचा, दंड बारीक करायचे. हे स्टुडिओवाला करतो, हल्ली मुलगी स्वतःही करते आणि आई शेजारी बसून "अजून थोडं" म्हणते. मग पाहुणे येतात, पोहे होतात आणि निघताना कुणीतरी म्हणतं, "फोटोत वेगळी वाटली होती." ते वाक्य मुलीच्या मनात किती वर्षं राहतं, हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्याच्याही आधी एक वाक्य घरातल्या मोबाइलने बोललेलं असतं: तू आहेस तशी दाखवण्यासारखी नाहीस. कितीतरी मोबाइलमध्ये चेहरा उजळ करणारा ब्युटी मोड असतो. तो चालू राहिला तर काही सांगायच्या आत आपला रंग बदलतो.

हे दुखणं फक्त आपलंच नाही. फ्रान्समध्ये २०१७ मध्ये असा नियम लागू झाला, की जाहिरातीत मॉडेलचं शरीर बारीक किंवा जाड करून दाखवलं असेल तर फोटोवर तसं लिहायचं. नॉर्वेतही २०२२ मध्ये असाच कायदा आला. आपल्याकडे गोरेपणाच्या एका प्रसिद्ध क्रीमने २०२० मध्ये नावातून 'फेअर' हा शब्द काढला. नाव बदललं, पण "पोरगी उजळ आहे का?" हा प्रश्न बैठकीतून गेला का? तो कायद्याने जाणार नाही. तो आपल्या बोटांनीच घालवावा लागेल, कारण फोटो उजळ करणारं बोट आता आपलंच आहे.

मग आठवड्याचा विषय त्यावर काय करणार? माझ्या मते बरंच काही करू शकतो. सावली, उंबरठा, भांडी यांवर काम करताना कळतं, की उजेड कमी-जास्त करणं, कडा कापणं, रंग काढणं ही आपली भाषा आहे. ती भाषा आपल्याला काय दिसलं, हे सांगण्यासाठी आहे. एकदा हा अनुभव आला, की स्वतःच्या चेहऱ्यावर ती वापरताना बोट जरा थांबतं. मी मैत्रिणींना एकच प्रश्न विचारायला सांगते: जे पुसतेय ते नुसता पसारा आहे, की माझ्या आयुष्याचा भाग आहे? मागची बादली खुशाल जाऊ दे. कपाळावरची आठी, बाळंतपणाचं पोट, उन्हात रापलेला रंग मात्र राहू दे.

सुरुवात करायला पैसे लागत नाहीत. मोबाइलच्या गॅलरीत कापण्याची आणि उजेडाची सोय असतेच. स्नॅपसीडसारखं फुकट अॅप घेतलं तर फोटोतल्या एकाच जागेचा उजेड वाढवता येतो, दोन फोटो एकमेकांवरही ठेवता येतात. ब्युटी मोड आधी बंद करा. मूळ फोटो कधी पुसू नका, एडिट केलेली प्रत वेगळी ठेवा. दुसऱ्या बाईचा फोटो तिला विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकू नका, लहान मुलांच्या बाबतीत तर दुप्पट काळजी घ्या. आणि नको तो फेरफार करून कुणाची बदनामी केली तर तो गुन्हा आहे, हे घरातल्या मुलांनाही सांगून ठेवा.

घरात फोटो काढायचं काम बहुतेक वेळा पुरुषाकडे किंवा मुलांकडे असतं. आपण एकतर फोटोत उभ्या असतो नाहीतर चहा आणायला आत गेलेल्या असतो. आपल्याला जग कसं दिसतं, याचा फोटो घराच्या अल्बममध्ये क्वचितच सापडतो. आठवड्यातून एक फोटो म्हणजे वर्षाचे बावन्न. पुढच्या दिवाळीत ते बावन्न फोटो मांडून बसलात, तर तुमच्या मुलीला तिची आई काय काय बघत होती ते कळेल. तिच्या बायोडाटाचा फोटो निवडायची वेळ येईल तेव्हा "अजून थोडं उजळ कर" असं म्हणण्याआधी तुम्हीही थांबाल. या आठवड्याचा विषय मी 'हात' असाच सुचवते. स्वतःच्याच हातांपासून सुरुवात करा.