जंतूंचे भय आणि दुधाचा डबा

नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात आईला बाळाजवळ का राहू दिले जात नाही, असे विचारले की अनेक रुग्णालयांतून एक ठरीव उत्तर मिळते : बाहेरची माणसे आत आली की जंतुसंसर्ग होतो. उत्तर शास्त्रीय वाटते आणि गरीब माणूस त्यापुढे मान तुकवतो. परंतु जंतूंच्या नावाने आईला दाराबाहेर ठेवणारी ही व्यवस्था बाळाच्या पोटात जाणाऱ्या दुधाविषयी कितपत दक्ष असते, हे एकदा तपासले पाहिजे.

नागपूरचे मेडिकल आणि मेयो ही रुग्णालये केवळ नागपूरकरांची नाहीत. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीपासून थेट छिंदवाडा-बालाघाटपर्यंतची कमी वजनाची बाळे येथे पाठविली जातात. अशा वेळी बाळ रुग्णवाहिकेतून मोठ्या शहरात आणि टाके घातलेली आई तालुक्याच्या खाटेवर, असे पुष्कळदा घडते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या नातवाच्या वाट्याला दुसऱ्या एका जिल्ह्यात हेच आले. बापाच्या हाती चिठ्ठी पडली. त्याने दिवसाची मजुरी मोजून पावडरीचा डबा आणला, आणि आजीने व्हरांड्यातील नळावर वाटी-चमचा विसळला. मोहोरबंद डबा म्हणजे निर्जंतुक, अशी दोघांचीही प्रामाणिक समजूत होती.

ती समजूत चुकीची आहे. दुधाची पावडर निर्जंतुक नसते. क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू कोरड्या पावडरीत दीर्घकाळ तग धरतो आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला मेंदूज्वर आणू शकतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितले की, पावडर किमान ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात कालवावी आणि निववून लगेच पाजावी. दोन तासांनंतर उरलेले दूध फेकून द्यावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या विदर्भात, व्हरांड्यात बसलेल्या आजीने हे ७० अंश कशाने मोजावेत? २०२२ साली याच जंतूच्या संशयावरून अमेरिकेत ॲबट कंपनीला आपला मिशिगनमधील कारखाना काही महिने बंद ठेवावा लागला होता.

आपल्यातील काही साथींचीही येथे गफलत होते. आईचे दूध अमृत, त्याला जंतू कुठून लागणार, असे ते भाबडेपणाने म्हणतात. बाळ अंगावर पीत असेल तोवर ठीक. पण दूध पिळून भांड्यात काढले की हात, भांडे, शीतकपाट आणि बोंडले या सर्वांचा संबंध येतो. २०१९ साली अमेरिकेतील डॅनव्हिल येथील रुग्णालयात तीन अपुऱ्या दिवसांची बाळे दगावली. जंतू दात्या मातांच्या दुधात नव्हता. दूध मोजण्याच्या उपकरणांतून तो बाळांपर्यंत पोहोचला होता. भांडी धुणारे हात किती महत्त्वाचे, हे त्या श्रीमंत देशाला असे कळले. आपल्याकडे ते हात बहुधा ठेकेदाराच्या कंत्राटी कामगाराचे असतात, आणि रात्रपाळीच्या परिचारिकेला तिकडे पाहायला उसंत नसते.

मी अर्थशास्त्र शिकवले, वैद्यक नव्हे. त्यामुळे मला यात एक हिशेब दिसतो. शीतकपाट, जंतुपरीक्षा, आईची खाट, कायम परिचारिका हे सारे रुग्णालयाच्या खर्चाच्या बाजूला मांडावे लागते. डबा मात्र बापाच्या खिशातून येतो, म्हणून शासनाच्या वहीत तो फुकट पडतो. १९९२ च्या कायद्याने शिशुदुग्ध-पर्यायांच्या जाहिरातीला आणि फुकट नमुन्यांना बंदी केली, हे चांगलेच झाले. पण या वहीत त्याने काय फरक पडला?

दुसरी वाट नाही असे नाही. धारावीलगतच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, म्हणजे मुंबई महापालिकेच्या शीव रुग्णालयात, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभारली. पेढीत दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटे तापवतात, झटपट थंड करतात आणि नमुना तपासतात. जंतू वाढले तर ते दूध टाकून देतात. काही जंतूंचे बीजाणू या उष्णतेतूनही वाचतात, तेव्हा तपासणीत काटकसर चालत नाही. केंद्राने २०१७ साली अशा केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. सूचनांना पैसे लागत नाहीत. तपासनिसाच्या पदाला लागतात.

हिवाळी अधिवेशनासाठी सरकार नागपुरात येते, तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी शिष्टमंडळ न्यावे आणि विदर्भातील प्रत्येक शासकीय नवजात विभागाचा हिशेब लेखी मागावा : बाळाबरोबर किती मातांना त्याच रुग्णवाहिकेतून आणले, किती जणींना खाट व जेवण मिळाले, दुधाची जंतुपरीक्षा किती वेळा झाली, आणि वर्षभरात किती डबे कोणाच्या पैशाने आले.