फोटोतला रंग आणि नाण्याची पारख

पालघर, बोईसर, तारापूर परिसरातल्या कितीतरी घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताटात आजही एखादा राणीछाप रुपया ठेवला जातो. कुणाच्या पेटीत आजीच्या वेळची शिवराई निघते, तर कुणाकडे भोकाचा तांब्याचा पैसा. या नाण्यांना आता मोबाइलवर बाजार मिळाला आहे. विकणारा फोटो पाठवतो, घेणारा तो बोटांनी मोठा करून पाहतो आणि ‘रंगावरून तर अस्सल वाटते’ म्हणून पैसे भरतो. निवृत्तीनंतर हा छंद लागलेले अनेकजण असे व्यवहार करतात आणि त्यात हजारो रुपये गुंतलेले असतात. मात्र फोटोतला रंग हा नाण्याचा पुरावा नव्हे. प्रकाश, कॅमेरा, पडदा, डोळा आणि मेंदू या पाचांनी मिळून तो तयार केलेला असतो, आणि यातला प्रत्येकजण त्यात थोडा फेरफार करतो.

सुरुवात प्रकाशापासून होते. पिवळ्या बल्बखाली चांदी सोनेरी झाक घेते आणि ढगाळ दिवशी खिडकीपाशी तीच निळसर दिसते. स्वस्त एलईडी दिव्याच्या उजेडात लाल छटा पुरेशा नसतात, म्हणून त्याखाली तांबे मळकट, निस्तेज वाटते. मोबाइलचा कॅमेरा ही झाक आपल्या अंदाजाने दुरुस्त करतो. नाणे लाल मखमलीवर ठेवले असेल तर चौकटीत लाल रंग फार झाला असे समजून तो कमी केला जातो आणि करड्या चांदीवर निळसर-हिरवट छटा चढते. त्यापुढे फोटो उठावदार दिसावा म्हणून रंग आपोआप गडद होतात. पाहणाऱ्याच्या मोबाइलवर रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून निळा प्रकाश कमी करणारी सोय चालू असेल, तर सगळेच पिवळट दिसते. रात्रपाळीवरून आलेला माणूस अंथरुणात पडून जे नाणे ‘सोनेरी’ म्हणून पसंत करतो, ते सकाळी साधे करडे निघू शकते.

यानंतर मेंदूचे काम सुरू होते. पांढरा सदरा उन्हात, सावलीत आणि दिव्याखाली आपल्याला पांढराच दिसतो, कारण उजेडाचा रंग कसा असेल याचा अंदाज बांधून मेंदू तो वजा करतो. समोर वस्तू असताना ही क्षमता फार उपयोगी पडते. फोटोत मात्र उजेड कुठून आला हे नीट कळत नाही आणि अंदाज चुकतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका पोशाखाचा फोटो जगभर फिरला होता. तोच फोटो कुणाला निळा-काळा दिसला, कुणाला पांढरा-सोनेरी. पोशाख प्रत्यक्षात निळा-काळा होता. पांढरा-सोनेरी पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत दोष नव्हता, त्यांच्या मेंदूने उजेडाबद्दल वेगळा तर्क केला होता. आजूबाजूच्या रंगाचाही असाच परिणाम होतो. निळ्या कापडावर ठेवलेले करडे नाणे किंचित पिवळसर भासते.

काहींच्या बाबतीत फरक डोळ्यातच असतो. रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात आणि त्यांतल्या एका प्रकारात जन्मतः उणीव असली की लाल आणि हिरव्यातला फरक पुसट होतो. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येत असल्याने पुरुषांत जास्त आढळतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. भारतीय पुरुषांत बहुतेक पाहण्यांमध्ये ते त्याहून कमी आढळले, तरी तो दुर्मीळ नाही. अनेकांना तो असल्याचे आयुष्यभर कळत नाही. तांब्याच्या नाण्यात याची किंमत मोजावी लागते. तांब्याची लाली, जुनेपणाचा तपकिरी थर आणि हिरवा कळंक हा सगळा भेद नेमका लाल-हिरव्याच्या पट्ट्यात येतो. समुद्राच्या खाऱ्या हवेतला क्षार तांब्यात शिरला की फिकट हिरवी भुकटी धरते आणि नाणे आतून खात जाते. ती भुकटी आणि निरुपद्रवी जुना थर यांतला फरक दिसला नाही, तर घेतलेले नाणे डबीत ठेवल्या ठेवल्या झिजत राहते.

वयाबरोबर येणारा बदल तर आणखी फसवा असतो. डोळ्यातले भिंग हळूहळू पिवळट होते, मोतीबिंदूत तपकिरीही होते आणि निळा प्रकाश अडवू लागते. हे इतके सावकाश घडते की मेंदू त्याची सवय करून घेतो आणि आपल्याला कमी दिसते आहे याची जाणीवच होत नाही. शस्त्रक्रियेनंतर ‘सगळे निळे-पांढरे दिसू लागले’ असे रुग्ण सांगतात ते यामुळेच. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया १९२३ मध्ये झाली. रंगांवर आयुष्य काढलेल्या या माणसाने त्याआधीच्या काळात नळ्यांवरची नावे वाचून रंग निवडले होते. चांदीवर गंधकाचा पातळ थर चढला की थराच्या जाडीनुसार पिवळी, तांबूस, निळी अशी झळाळी येते. संग्राहक तिला मोठी किंमत देतात आणि लबाड विक्रेते ती उष्णता व रसायने वापरून मुद्दाम आणतात. मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला यातल्या निळ्या छटा धड दिसतही नाहीत.

आजार आणि औषधे यांचाही येथे संबंध येतो. मधुमेहात निळ्या-पिवळ्या छटांमधला फरक ओळखण्याची क्षमता कधी कधी डोळ्याच्या पडद्यावर दृश्य बदल होण्याआधीच कमी होते. क्षयरोगावरच्या इथॅम्ब्युटॉल या औषधाने क्वचित डोळ्याच्या मज्जातंतूला इजा होते आणि तिची सुरुवातीची खूण बऱ्याचदा लाल-हिरवा फिका पडणे ही असते. असे जाणवल्यास औषध मनाने बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. वेळीच ओळखले तर नजर बहुधा सुधारते. ‘हल्ली फोटोंचे रंग पूर्वीसारखे वाटत नाहीत’ ही तक्रार मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे नेण्याआधी नेत्रतपासणीकडे न्यायला हवी.

मग पूर्वीचे पारखी काय करत? सराफ सोन्याचा रंग पाहतोच, पण कसोटीच्या दगडावर एक रेघ परीक्षेच्या सोन्याची आणि शेजारी दुसरी माहीत असलेल्या कसाची ओढून, एकाच उजेडात. डोळा तुलना उत्तम करतो. एकट्या रंगाची आठवण ठेवणे त्याला जमत नाही. नाणे वाजवून पाहायची रीतही जुनीच आहे, म्हणूनच मराठीत नाणे ‘खणखणीत’ असते. चिंचणी-तारापूर भागात दागिन्यांचे साचे कोरणारे कारागीर आहेत. रेघेची धार आणि खोली पाहण्याची त्यांची सवय नाण्यालाही लागू पडते, कारण नाणेही साच्याच्या ठशातूनच निघते. याच जिल्ह्यातल्या नालासोपारा येथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप खणला, तेव्हा तेथील वस्तूंत चांदीचे एक नाणे मिळाले. ते सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे आहे, हे त्यावरच्या अक्षरांवरून ठरले.

घेणाऱ्याने हेच करावे. नाण्याशेजारी कोरा पांढरा कागद आणि चलनातले एखादे नाणे ठेवून दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो मागावा. कागदच पिवळा दिसत असेल तर नाण्याच्या सोनेरीपणावर विश्वास ठेवू नये. तिरप्या उजेडात नाणे फिरवत काढलेली चित्रफीत मागावी. अक्षरांची धार, कड आणि झीज त्यात कळते. वजन विचारावे. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि सुमारे ९२ टक्के चांदीचा असतो. १९४७ चा रुपया चांदीसारखाच दिसतो पण निकेलचा आहे, तो लोहचुंबकाला चिकटतो. चांदी चिकटत नाही. विक्रेता हे द्यायला तयार नसेल किंवा परत घेणार नसेल, तर सौदा सोडावा. विकणाऱ्यांनीही चिंच-राखेने नाणे घासून चकचकीत करू नये, त्याने किंमत घटते. जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क किंवा कमिशन मागणारे भामटे आहेत, असा इशारा बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. बँक असे व्यवहार करत नाही. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

चाळिशीनंतर वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यावेत आणि तेव्हा रंगदृष्टीची चाचणीही मागावी. ठिपक्यांतून आकडा ओळखायची ही चाचणी काही मिनिटांत होते. सरकारी रुग्णालयांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते. हजारो रुपयांचे नाणे मागवण्याआधी ज्या डोळ्यांनी ते पारखायचे, त्यांची पारख आधी करून घेणे शहाणपणाचे.