चित्रकलेत एवढं शिकून करायचं काय?

गेल्या खरिपातली गोष्ट. कपाशीची शेतीशाळा आटोपून मी गाडीला किक मारणार, एवढ्यात एक ओळखीचे काका जवळ आले. पाच एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. म्हणाले, "साहेब, पोरीनं चित्रकलेची चार वर्षांची डिग्री केली. आता म्हणते, दिल्लीला जाऊन कलाशिक्षणात मास्टर डिग्री करते. आणखी दोन वर्षं! चित्र काढून पोट भरते काय? तुम्ही शिकलेले, तुम्हीच समजावा तिले."

मला लगेच उत्तर देता आले नाही. कारण अर्ध्या तासापूर्वीच त्या शेतीशाळेत जे घडले ते डोक्यात घोळत होते.

शेतीशाळेत काय करतात ते बहुतेकांना माहीत आहे. गट करून शेतात जायचे, झाडे निरखायची, परत येऊन मोठ्या कागदावर चित्र काढायचे. मधोमध कपाशीचे झाड, एका बाजूला किडी, दुसऱ्या बाजूला मित्रकीटक. मग त्या चित्राकडे पाहून सगळ्यांनी मिळून ठरवायचे, की फवारणी करायची की थांबायचे. पण कागद पसरला रे पसरला की सगळे हात मागे. "आमाले चित्र येत नाही साहेब." जो माणूस डोमकळी उघडून गुलाबी बोंडअळी दाखवतो, तिचे वय तिच्या रंगावरून सांगतो, तोच माणूस हातात रंगीत खडू दिला की पोरासारखा लाजतो. शेवटी गटातला एखादा तरुण चित्र काढतो आणि बाकीचे बघत बसतात. चित्र एकाचे, म्हणून निर्णयही एकाचाच होतो.

हे 'येत नाही' आले कुठून? आपल्या शाळेतूनच. चित्रकलेचा तास म्हणजे गणिताचा राहिलेला धडा पुरा करण्याचा तास. तास झालाच तर फळ्यावर एक मडके, आणि त्याची नक्कल वहीत. ज्याला नक्कल जमली तो एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसला. बाकीच्यांनी कायमची खूणगाठ बांधली, की हे आपले काम नाही. मीही त्यातलाच. कृषी पदविकेला किडींची चित्रे काढायची वेळ आली तेव्हा मित्राची वही समोर ठेवून उतरवली. परिणाम काय झाला? नोकरीच्या पहिल्या वर्षी ढालकिड्याची अळी पाहून मी ती कीड म्हणून सांगितली. मावा खाऊन टाकणारा आपला मित्र, आणि मी त्याच्यावर औषध मारायला सांगत होतो! एका म्हाताऱ्या बाबांनी मला थांबवले. हाताने चित्र काढले असते तर डोळ्याने नीट पाहिले असते. चित्र काढणे म्हणजे आधी पाहणे, हे मला उशिरा कळले.

आता त्या पदवीबद्दल. काकांची समजूत अशी, की मास्टर डिग्री म्हणजे आणखी सुंदर चित्रे काढणे. तसे नाही. शेतकऱ्याला पटेल असे उदाहरण देतो. कपाशी पिकवणे वेगळे आणि ती कशी पिकवावी हे शंभर जणांच्या गळी उतरवणे वेगळे. म्हणून तर कृषी विद्यापीठात विस्तार शिक्षण हा स्वतंत्र विभाग असतो आणि त्यातही एम.एस्सी. करता येते. कलाशिक्षणाचे तसेच आहे. मूल कसे पाहते, कोणत्या वयात काय काढते, त्याचा हात कशाने अडतो, चित्रातून दुसरे विषय कसे शिकवावेत, शिक्षकांना कसे तयार करावे, हा त्यातला अभ्यास. दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामिया या केंद्रीय विद्यापीठात कलाशिक्षणाचा स्वतंत्र विभाग आहे आणि तेथे ही पदव्युत्तर पदवी मिळते.

कोणी म्हणेल, दिल्लीचे खूळ आमच्या गावात कशाला? पण याचे एक मूळ आपल्या वर्ध्यातच आहे. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिथे जी समिती नेमली तिचे प्रमुख होते डॉ. झाकिर हुसेन, आणि तेव्हा तेच जामियाचे कुलगुरू होते. त्या समितीने खेड्यातल्या मुलांसाठी जो अभ्यासक्रम आखला त्यात हस्तोद्योग, मातृभाषा, गणित यांच्या पंगतीला चित्रकलाही होती. पुढे १९४४ मध्ये शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले आणि अनेक वर्षे त्यांनी खेड्यातल्या पोरांना चित्रे काढू दिली. तो अनुभव त्यांनी पुस्तकात मांडला. म्हणजे चित्रकला शहरातल्या श्रीमंतांसाठी, हा समज आपल्याच मातीने खोटा ठरवलेला आहे.

आणि हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. औषधाच्या डब्यावर रंगाचा त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठीच ती खूण. पण चित्र आणि रंग 'वाचायला' आपण कोणाला शिकवले? मी सभेत एकदा विचारले, तर निम्म्या लोकांना तो त्रिकोण कंपनीची नक्षी वाटत होता.

तरीही काकांची काळजी खोटी नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शाळेत चित्रकला शिक्षक व्हायला ए.टी.डी.सारखी पदविका चालत आली आहे. मास्टर डिग्रीचा उपयोग मुख्यतः शिक्षक घडवणाऱ्या संस्थांत, कला महाविद्यालयांत, अभ्यासक्रमाच्या कामात. जागा थोड्या, हमी कसलीच नाही. केंद्रीय विद्यापीठाची फी खासगी कॉलेजपेक्षा कमी असली तरी दिल्लीचे राहणे-खाणे स्वस्त नाही. म्हणून शेत गहाण टाकून ही पदवी करू नये. वसतिगृह, शिष्यवृत्ती यांची चौकशी आधी करावी, माहिती विद्यापीठाकडूनच घ्यावी, दलालाकडून नव्हे.

पण जागा थोड्या का, याचा जाब गावानेही द्यायला हवा. शिक्षणहक्क कायदा २००९ सालचा. सहावी ते आठवीत शंभरावर मुले असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असे त्यात लिहिले आहे. सरपंच, ग्रामपंचायतीचे अधिकारी आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना माझे एवढेच विचारणे आहे, की आपल्या शाळेत हा निदेशक आहे का? नसेल तर शाळा विकास आराखड्यात त्याची मागणी आपण कधी लिहिली? भिंतीवर पोपट आणि कमळ रंगवून घेतले म्हणजे कलाशिक्षण झाले असे नव्हे.

काकांना मी शेवटी इतकेच म्हणालो, "काका, खर्चाचा हिशेब मांडा, तो मांडलाच पाहिजे. पण 'चित्रात काय आहे' असं म्हणून तिला अडवू नका. आज कागद पुढे आला तेव्हा तुम्हीही हात मागे घेतला होता." काका हसले. होकार अजून दिलेला नाही. मात्र पुढच्या शेतीशाळेत खडू आधी त्यांच्या हातात देणार आहे.