फिस्टुलाचा हात आणि वैद्याचा स्पर्श

फिस्टुला म्हटले की आपणा वैद्यांना प्रथम भगंदर आठवतो. डायलिसिसच्या रुग्णाच्या हातातील फिस्टुला मात्र व्याधी नसून त्याची जीवनवाहिनी आहे. धमनी सिरेला जोडून रक्ताचा वेगवान प्रवाह मिळविण्याची ही पद्धती ब्रेशिया, सिमिनो आणि सहकाऱ्यांनी १९६६ साली प्रसिद्ध केली.

असा रुग्ण आपल्याकडे येतो तो बहुधा अरुची, मलावष्टंभ, कंडू यांसाठी. परंपरेनुसार पुरुषाची नाडी आपण उजव्या हाताची पाहतो. फिस्टुला बहुधा डाव्या हातात असतो. आमच्याकडूनही एकदा असेच झाले. डावा हात पाहिलाच नाही. दोन दिवसांनी फिस्टुला बंद पडला आणि मानेच्या सिरेत नळी घालून डायलिसिस करावे लागले. ती खंत आजही आहे.

कालांतराने सिरेच्या अंतःस्तराची अतिवृद्धी होऊन मार्ग आकुंचित होतो. त्याची शंका येण्यास दर्शन, स्पर्शन, प्रश्न ही त्रिविध परीक्षा पुरेशी आहे. उत्तम फिस्टुलावर बोटे ठेवताच मृदू, अखंड कंप जाणवतो. मार्ग अरुंद झाला की कंप क्षीण होतो किंवा त्याजागी कठीण ठोका लागतो. हात उंच धरल्यावरही सिरा फुगलेलीच राहते. सुई काढल्यावर रक्त लवकर थांबत नाही. हातास सूज येते.

अशी सूज पाहून काही व्यवसायबंधू सिराजग्रंथीच्या विचाराने लेप, अभ्यंग, क्वचित जलौकाही योजतात. आमच्या मते हे सर्वथा त्याज्य आहे. त्या हातावर मर्दन, घट्ट बंध, रक्तमोक्षण नको. रक्तदाबमापकाचा पट्टाही नको. यास स्रोतसांचा ‘संग’ म्हणता येईल. परंतु आपल्या काढ्याने वा गुग्गुळाने तो सुटतो असे मानण्यास आधार नाही. तो मार्ग फुग्याच्या साह्याने, म्हणजे बलून अँजिओप्लास्टीने, रुंदावता येतो. रक्त गोठून मार्ग बंद झाल्यावर मात्र प्रत्येक तास मोलाचा ठरतो. नव्या फिस्टुलासाठी हाताच्या सिरा मोजक्याच असतात.

म्हणून आमची विनंती एवढीच : डायलिसिसच्या प्रत्येक रुग्णाचे दोन्ही हात पाहावेत. कंप हरवलेला आढळल्यास औषधाची पुडी बांधण्यापूर्वी त्याच्या मूत्रपिंडतज्ज्ञांना दूरध्वनी करावा व रुग्णास त्याच दिवशी तिकडे धाडावे. वेळेवर ओळखणे हीदेखील चिकित्साच होय.