सांवलीच्या परसांत कोणतीं बारमाही झाडें लावावीं?

"आंब्याखालीं कांहीं होत नाहीं" हें वाक्य कर्जत व खालापूर तालुक्यांतील कोणत्याही गांवीं ऐकावयास मिळतें. बोलणारा तें अनुभवानेंच बोलतो. त्यानें झाडाखालीं मिरची लावून पाहिलेली असते, वांगीं लावून पाहिलेलीं असतात, रोपवाटिकेंतून गुलाबाचीं रोपेंही आणलेलीं असतात. आणि तीं सर्व लांबट, फिकीं होऊन अखेर मेलेलीं असतात. पुढची पायरी ठरलेलीच. आधीं फांद्या उतरवाव्या, तेवढ्यानें भागलें नाहीं तर झाडच काढावें, असा विचार घरांत सुरू होतो. हा विचार वेळींच थांबावा, एवढ्यासाठीं हा लेख आहे. आमच्या मतें दोष झाडाचा नाहीं आणि सांवलीचाही नाहीं; दोष निवडीचा आहे.

महसूल खात्याच्या चाकरींत आम्हांस जमिनीची प्रत पाहण्याची संवय जडली. जिरायत, बागायत, वरकस, पोटखराबा हे शब्द आमच्या वाचकांसही परके नाहींत. परंतु सात-बाराच्या उताऱ्यांत सांवलीस स्वतंत्र रकाना नाहीं, आणि म्हणूनच कीं काय, शेतकरी तिला मनांतल्या मनांत पोटखराब्यांत घालतो. पूर्वी ज्याच्याजवळ वरकस माळ मुबलक होता, त्यास हें परवडत असे. २००२ सालीं मुंबई-पुणें द्रुतगती मार्ग पुरा झाल्यावर खालापूर तालुक्यांत, आणि त्यामागोमाग कर्जतेंतही, जमिनींचे तुकडे किती वेगानें पडले हें सर्वांच्या डोळ्यांपुढें आहे. ज्याच्यापाशीं आज घर व भोंवतालचे दहावीस गुंठेच उरले, आणि त्यांवर वडिलांनीं लावलेले चार आंबे, दोन फणस उभे आहेत, त्याची निम्मी जमीन सांवलींतच आहे. ती पोटखराबा म्हणून सोडणें त्यास परवडणारें नाहीं, आणि झाडें तोडणें तर त्याहून परवडणारें नाहीं. १९६४ सालच्या वृक्षतोडीसंबंधींच्या कायद्याच्या अनुसूचींत आंबा, फणस व जांभूळ हीं तिन्ही झाडें आहेत. तीं स्वतःच्या मालकीच्या जमिनींत असलीं तरी परवानगीवांचून तोडतां येत नाहींत, हें येथें सांगून ठेवणें जरूर आहे.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. सांवली म्हणजे एकच वस्तु नव्हे. नारळ-सुपारीखालची चाळणींतून गळल्यासारखी सांवली निराळी, घराच्या पूर्वेची सकाळचें ऊन घेणारी सांवली निराळी, आणि जुन्या आंब्याखालची बारा महिन्यांची दाट सांवली निराळी. यांखेरीज चौथा प्रकार आहे आणि फसगत बहुधा त्यांतच होते. साग, ऐन, पळस हीं झाडें पावसांत दाट असतात व उन्हाळ्यांत उघडीं पडतात. विलायती बागांच्या पुस्तकांत पानगळीच्या झाडाखालीं नाजुक झाडें लावावीं असें सांगितलेलें असतें, कारण तिकडे पानें गळतात तीं थंडींत, आणि उन्हाळ्यांत झाड भरलेलें असतें. आपल्याकडे नेमकें उलट होतें. श्रावणांत जेथें मिणमिणता उजेड असतो, तेथेंच चैत्रांत सागाखालीं जमीन तापते. म्हणून आमचा पहिला नियम असा कीं, सांवली पावसाळ्यांत पाहून रोप आणूं नये; ती वैशाखांत मोजावी.

मोजण्यास यंत्राची जरूर नाहीं. जागेंत चार खुंट्या ठोकाव्या आणि सकाळीं आठ, दहा, दुपारीं बारा, दोन व चार अशा पांच वेळां कोणत्या खुंटीवर थेट ऊन आहे तें वहींत लिहावें. एकदां पौषांत व एकदां वैशाखांत असें दोन दिवस केलें म्हणजे पुरे. दुपारीं पांढऱ्या कागदावर एक फूट उंच हात धरावा. हाताची कडा स्पष्ट पडली तर उजेड भरपूर, पुसट पडली तर मध्यम, आणि छायाच पडली नाहीं तर सांवली दाट समजावी. घराच्या उत्तर बाजूविषयीं तर विशेष सावध असावें. आपला मुलूख सुमारें १९ उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित् उत्तरेस असतो. थंडीभर अंधारी असणारी उत्तरेची भिंत त्यामुळें ऐन मेमध्यें ऊन घेते, आणि कार्तिकांत लावलेलें नाजुक रोप तेथें करपतें.

दुसरा नियम पाण्याचा. आपल्याकडे वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो; पण तो चार महिन्यांत पडून जातो व पुढील आठ महिने जमीन कोरडी राहते. तेव्हां सांवलींतील बारमाही झाडांचे आम्ही दोन वर्ग करितों: एक, बारा महिने जागीं राहणारीं, दुसरा, पावसांत वाढून थंडींत पान टाकणारीं व कंदरूपानें जमिनींत निजणारीं. पहिलीं पाणी मागतात. दुसरीं मागत नाहींत. लोक बारमाही म्हणजे बारा महिने हिरवें असेंच समजतात, आणि कंद निजले कीं "मेलें" म्हणून जागा खणून टाकतात. जें झाड वर्षानुवर्षें त्याच जागीं पुन्हां फुटतें, तें आमच्या मतें बारमाहीच होय.

हा भेद आंब्याखालीं सर्वांत महत्त्वाचा आहे. आंब्यास मोहोर येण्यापूर्वी जमिनीस ताण बसावा लागतो. आश्विनापासून पौषापर्यंत झाडाखालीं पाणी देत राहिल्यास मोहोराऐवजीं पालवी फुटण्याचा संभव असतो. अर्थात् ज्या झाडाला त्या काळांत रोज पाणी लागतें, तें फळत्या आंब्याखालीं लावणें म्हणजे शंभर रुपयांच्या फळासाठीं हजारांचा बहर घालविणें होय. तेथें निजणारे कंदच योग्य.

त्यांत सुरण पहिला. पावसाच्या तोंडीं सुमारें तीन फुटांच्या अंतरानें कंद लावावा. आठनऊ महिन्यांत पान पिवळें पडून तो काढणीस येतो, आणि ठेवला तर पुढील पावसांत पुन्हां फुटतो. गजेंद्र ही जात कमी खाजरी आहे. आंबेहळद व हळद हीं मध्यम सांवली चांगली सोसतात. पाऊस लवकर उघडला आणि पाणी दिलें नाहीं तर हळदीचें उत्पन्न उतरतें हें खरें. परंतु घरची हळद व नागपंचमी-गणपतीच्या पातोळ्यांस पानें एवढें मिळालें तरी ती जागा पोटखराबा राहिली नाहीं. शेवळें तर आपल्या रानचींच. मृगाच्या पहिल्या सरींबरोबर ठाकूर व कातकरी बायका त्यांच्या जुड्या बाजारांत आणतात, आणि काकडांबरोबर शिजवलेली ती भाजी कोणाला ठाऊक नाहीं? त्यांचे चार कंद कुंपणाच्या सांवलींत आणून लावल्यास एरवी निगा लागत नाहीं. शतावरीही कंदमुळांची, कुंपणावर चढणारी व टिकाऊ आहे. माथेरान अथवा भीमाशंकराच्या पायथ्याच्या गांवीं मात्र साळिंदर व रानडुक्कर सुरण उकरतात. तेथें आंबेहळद व हळद बऱ्या, कारण त्यांना तीं सहसा तोंड लावीत नाहींत.

बुंध्यापासून पांचसहा फुटांच्या आंत मात्र कांहींच खणूं नये, व बुंध्याशीं मातीची भरही घालूं नये. त्या जागीं पातेरा तसाच राहूं द्यावा. राबासाठीं सगळा पातेरा ओढून नेण्याची आपली रीत जुनी आहे. पण झाडाखालची ओल राखणारें पांघरूण तेंच आहे. निम्मा राबास न्यावा, निम्मा कंदांवर ठेवावा, असा तोडगा आम्ही सुचवितों. जुन्या जांभळाखालीं जेथें छायाच पडत नाहीं, तेथें तर पातेरा हेंच एक पीक समजून स्वस्थ बसावें. प्रत्येक हातभर जागा भरलीच पाहिजे असा नियम नाहीं.

ज्यांच्याजवळ उन्हाळ्यांत पाणी आहे त्यांची गोष्ट वेगळी. भिवपुरीच्या वीजकेंद्रांतून सुटणाऱ्या पाण्यावर राजनाल्याखालीं कर्जतेंत उन्हाळी भात होतें. पाताळगंगेच्या कांठींही कांहीं गांवांस ही सोय आहे. अशा जागीं, किंवा विहीर उन्हाळ्यांत टिकत असल्यास, जागीं राहणारीं झाडें खुशाल लावावीं. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठानें नारळाच्या बागेंत मिरी, जायफळ, दालचिनी, केळ व अननस घेण्याची जी "लाखी बाग" पुढें आणली, तिचें आम्हांस कौतुक आहे. पण ती बागायतीची आहे. तिचें नांव ऐकून कोरड्या आंब्याखालीं जायफळ लावणाऱ्यास वैशाखांत काटक्याच हातीं येतील.

मिरवेल फणस, नारळ व सुपारी यांवर चढवावी. फळत्या आंब्यावर नको, कारण कोवळ्या वेलास उन्हाळ्यांत पाणी लागतेंच. खड्डा बुंध्याच्या उत्तरेस किंवा ईशान्येस घ्यावा म्हणजे दक्षिणेच्या उन्हापासून वेल वांचतो. जात विचारून घ्यावी. पन्नियूर-१ ही केरळांतील संकरित जात नांवाजलेली आहे, पण दाट सांवलींत ती चांगली धरत नाहीं. करिमुंडा ही जुनी जात सांवली अधिक सोसते. बुंध्याशीं पाणी तुंबलें कीं मर रोग आलाच; तेव्हां चर काढून पाणी वाटेस लावावें व पावसाच्या तोंडीं एक टक्का बोर्डो मिश्रण द्यावें. जायफळाचीं कलमेंच घ्यावीं. बियांच्या रोपांत नर व मादी झाडें वेगवेगळीं निघतात आणि फुलें येईपर्यंत तें कळत नाहीं; सहासात वर्षें पाणी घालून नर झाड पदरीं पडलें तर दाद कोणाकडे मागावी?

घरापाशींच्या जागेस एवढाही विचार लागत नाहीं. मोरीच्या सांडपाण्यावर अळू व सोनटक्का उत्तम होतात. सकाळचें ऊन मिळत असेल तेथें कर्दळ व तगर फुलते. दाट सांवलींत मात्र कर्दळीस पानेंच येतात, फूल कमी. कुंपणास अडुळसा लावावा. गुरें त्यास तोंड लावीत नाहींत, आणि खोकल्यावर घरचें औषध होतें. कळलावीचें फूल कितीही सुंदर असलें तरी तिचा कंद विषारी आहे. मुलें खेळतात त्या अंगणांत ती लावूं नये.

आतां न घेण्याच्या वस्तु. वेलचीला सुमारें ६०० ते १२०० मीटर उंचीची थंड, ओली हवा लागते; पायथ्याच्या गांवांचा उन्हाळा तिला सोसत नाहीं. वेलचीच्या वासाच्या पानांचें झाड विकत मिळतें, पण तें खरी वेलचीच असेल असें नाहीं. शहरांतून येऊन येथें बंगले बांधणारे लोक परदेशी यादींतील होस्टासारखीं झाडें मागतात. त्यांस हिंवाळ्यांत कडक थंडीची झोंप लागते, ती कोंकणांत कोठून मिळणार? त्यांच्या बागा राखण्याचें काम आपलेच तरुण करितात. त्यांनीं मालकास हें आधींच सांगावें. झाड मेल्यावर बोल माळ्यासच लागतो.

कोणी म्हणेल कीं, चार सुरणांनीं कोणाचा संसार चालत नाहीं. खरें आहे, आणि आम्ही तसें म्हणतही नाहीं. परंतु झाड राखावें कीं तोडावें याचा हिशेब करितांना त्याखालची जागा शून्य धरली जाते. ती शून्य नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें आहे. जेथें घरची हळद, भाजी व औषध निघतें, तेथील आंब्यावर कुऱ्हाड उचलण्यापूर्वी घरचीं माणसें दोनदां विचार करितात.

अखेरीस आमच्या संघास एक सूचना. कर्जतचें कृषि संशोधन केंद्र १९१९ पासून भातासाठीं प्रसिद्ध आहे. सांवलींतील कंदांची एखादी वाफ्यांची पाहणी तेथील तज्ज्ञांच्या सल्ल्यानें घ्यावी, असा अर्ज संघानें करावा. तोंपर्यंत दहा सभासदांनीं आपल्या आंब्याखालीं सुरण, हळद व आंबेहळद यांचा एकेक वाफा घालून उन्हाचे तास, दिलेलें पाणी व निघालेलें वजन वहींत लिहून ठेवावें, आणि पुढील फाल्गुनांत या पत्रांत छापावयास पाठवावें. कंद विकत आणण्याचेंही कारण नाहीं. ज्याच्याकडे आहेत त्यानें शेजाऱ्यास दोन द्यावे, व शेजाऱ्यानें पुढील वर्षीं चार परत करावे.