संगणकाचे प्रश्न आणि मागाचे उत्तर

आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या घरी आजकाल मुले शाळेतून येतात ती संगणकाचे प्रश्न घेऊनच. संगणकाला आपली भाषा कशी कळते? तो सारा कारभार शून्य आणि एक यांवरच चालवतो म्हणतात, ते कसे? प्रोग्रॅम म्हणजे नेमके काय? इंग्रजी कच्चे असलेल्याला तो लिहिता येईल का? या प्रश्नांना आपल्याकडून बहुधा एकच उत्तर मिळते : "बेटा, आम्हाला त्यातले काय कळते? क्लास लावून देतो, तिथे विचार." क्लास लागतो. तीन महिन्यांनी प्रमाणपत्र हाती येते. मुलाला टायपिंग येते, बिल काढता येते. पण त्याने विचारलेला प्रश्न होता तिथेच राहतो.

आमचे स्पष्ट मत आहे की हे उत्तर आपल्या धंद्याला शोभत नाही. दुसऱ्या कोणी "आम्हाला कळत नाही" म्हटले तर समजू शकते. कापडवाल्याने म्हणू नये. कारण या विद्येची एक मोठी वाट मागावरूनच गेलेली आहे.

मागावरचे शून्य आणि एक

जॅकार्डचा माग ज्याने पाहिला आहे त्याने नक्षीचे पत्ते पाहिले आहेत. पत्त्यावर जिथे छिद्र आहे तिथे सुई आत शिरते, हूक आपल्या जागी राहतो आणि वर उचलला जातो; त्याबरोबर ताण्याचा धागा उठतो. जिथे छिद्र नाही तिथे सुई मागे ढकलली जाते, हूक निसटतो आणि धागा खालीच राहतो. छिद्र म्हणजे 'हो', छिद्र नाही म्हणजे 'नाही'. यालाच संगणकवाले एक आणि शून्य म्हणतात. साधे कापड घेतले तरी हेच आहे : एक धागा वर, एक खाली, आणि पुढच्या बाण्याला त्याच्या उलट.

थोडा हिशोब करू. चारशे हुकांचे जॅकार्ड असेल तर एका पत्त्यावर चारशे वेळा 'हो' किंवा 'नाही' लिहिलेले असते. एका बाण्याला एक पत्ता. नक्षी सहाशे बाण्यांची असेल तर सहाशे पत्ते, म्हणजे २,४०,००० उत्तरे. संगणकाच्या भाषेत अशा एका उत्तराला बिट म्हणतात आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे आपली ती नक्षी झाली ३०,००० बाइटची. मोबाइलवर काढलेला तीन मेगाबाइटचा फोटो तिच्या सुमारे शंभरपट भरतो. एवढा हिशोब कळला की मुलाला मेमरी म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

हा इतिहासही मुलांच्या कानावर घालावा. फ्रान्समधील लिआँ हे रेशमाचे शहर. तेथील जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ साली आपली यंत्रणा सिद्ध केली. त्याच्याही आधी, १७२५ साली, त्याच शहरात बुशाँ याने छिद्रे पाडलेला कागद मागाला लावून पाहिला होता. पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणन यंत्रासाठी पत्त्यांची हीच युक्ती घेतली. ते यंत्र पुरे झाले नाही; पण १८४३ साली एडा लव्हलेस या बाईंनी त्यावर जे टिपण लिहिले, त्यात त्या यंत्राची तुलना जॅकार्डच्या मागाशीच केली आहे. अमेरिकेत १८९० च्या जनगणनेची मोजणी हर्मन हॉलेरिथच्या यंत्रांनी छिद्रांच्या पत्त्यांवर केली. पुढे १९७० च्या दशकातही संगणकाला असे पत्ते भरवले जात होते.

आणि अल्गोरिदम हा शब्द? नवव्या शतकात बगदादमध्ये ज्यांनी हिंदी अंकांनी गणित करण्याच्या रीतीवर पुस्तक लिहिले, त्या अल-ख्वारिज्मींच्या नावाचे लॅटिन रूप म्हणजे हा शब्द. शून्यासह ते अंक हिंदुस्थानातून तिकडे गेले होते. तेव्हा ही विद्या परक्यांची आहे, आपले तेथे काय काम, असे मुलाला वाटू देण्याचे काही कारण नाही.

प्रोग्रॅम म्हणजे काय?

प्रोग्रॅम म्हणजे क्रमाने लावलेल्या सूचना. त्यात मुख्य गोष्टी तीन, आणि तिन्ही आपल्या रोजच्या कामातल्या आहेत.

पहिली गोष्ट क्रम. आधी ताणा, मग सांधणी, मग विणकाम. क्रम चुकला की माल बिघडला. दुसरी गोष्ट पुनरावृत्ती. साडीच्या काठावरचे फूल कारागीर एकदाच बसवतो आणि पत्त्यांची माळ फिरत राहते. तेच फूल पुन्हा पुन्हा उमटते. प्रोग्रॅमवाले याला लूप म्हणतात, आपण रिपीट म्हणतो. तिसरी गोष्ट अट. ताण्याचा धागा तुटला तर पत्ती खाली पडते आणि माग थांबतो. 'असे झाले तर तसे कर', एवढाच त्याचा अर्थ. दुकानातही हेच चालते : परराज्यात जाणाऱ्या मालाची किंमत पन्नास हजारांहून अधिक असेल तर ई-वे बिल काढ. मुनीम हे तोंडपाठ ठेवतो, प्रोग्रॅममध्ये ते लिहून ठेवतात.

भाषेची भीती

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. उर्दू किंवा मराठी शाळेतले मूल इंग्रजी अक्षरे पाहून कसे बिचकते हे आम्ही जाणतो. अशा मुलाला दोन गोष्टी सांगाव्यात. एक, संगणकाला इंग्रजीही कळत नाही. त्याच्या लेखी प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा असतो. युनिकोड नावाच्या जागतिक यादीत मराठी 'अ'चा क्रमांक २३०९ आहे आणि उर्दू 'अलिफ'चा १५७५. दोन, पायथॉनसारख्या भाषेत सुरुवातीला लागणारे इंग्रजी शब्द थोडेच आहेत. ज्या मुलाने बाजारात काउंट, बीम, रीड, डॉबी हे शब्द ऐकून पाठ केले, त्याला तेवढे शब्द जड नाहीत. इंग्रजी शिकावेच, पुढे त्याची गरज पडते. पण इंग्रजी येईपर्यंत डोके बंद ठेवण्याची गरज नाही.

यंत्रच लिहिते, मग शिकावे कशाला?

हा प्रश्न आता मोठी माणसेही विचारतात. २०२२ च्या अखेरीस चॅट-जीपीटी आले आणि तेव्हापासून यंत्राला सांगितले की ते प्रोग्रॅम लिहून देते, हे खरे आहे. पण आपण माल कसा घेतो? विणणारा दुसराच असतो. तरी आपण भिंग लावून पीक मोजतो, पन्हा पाहतो, सूत बोटांत घेऊन काउंटचा अंदाज घेतो. ज्याला हे येत नाही त्याच्या गळ्यात कोणीही काहीही मारतो. यंत्राने लिहिलेला प्रोग्रॅमही तसाच पारखून घ्यावा लागतो, कारण ते चुकीचा मालही मोठ्या दिमाखात पुढे करते. विणणारे हात बदलले, पारख करण्याची गरज मात्र वाढली.

प्रश्न रोजीचा आहे

१९८३ साली मिलानच्या यंत्र प्रदर्शनात विजेवर चालणारे, पत्ते नसलेले जॅकार्ड आले. पुढे ते आपल्याकडेही पोहोचले. पत्ते गेले, 'हो' आणि 'नाही' राहिले. आमच्या पाहण्यात दोन कारागीर आहेत. दोघेही ग्राफच्या कागदावर चौकोन भरून नक्षी उतरवत. एकाने संगणकाकडे पाठ फिरवली. आज तो दुसऱ्याच्या कारखान्यात गाठी बांधतो. दुसऱ्याला माउस धरता येत नव्हता. पण तो मुलाशेजारी बसला, स्वतः विचारत राहिला आणि मुलाच्या प्रश्नांना उत्तरे देत राहिला. कोणता चौकोन भरला तर लांब तरंग सुटेल आणि कापड अडकून फाटेल हे बापाला ठाऊक होते, ते पडद्यावर कसे उतरवायचे हे मुलाला. आज बापलेक इतरांना डिझाइन पुरवतात. आपल्यापैकी बहुतेक जण मात्र डिझाइन बाहेरून आणतात, पैसे मोजतात, वाट पाहतात आणि एक रंग बदलायचा तर पुन्हा पैसे मोजतात. मूल फक्त बटणे दाबायला शिकले तर उद्या तेही हाच खर्च करील. त्याच्या प्रश्नाला आज उत्तर मिळाले तर तो धंदा त्याचा होईल.

म्हणून व्यापारी बांधवांना आमच्या तीन सूचना आहेत. ज्या गावात शुक्रवारी माग बंद असतात, तेथे महिन्यातून एका शुक्रवारी तासभर कारखाना शाळेच्या मुलामुलींसाठी उघडावा. बंद माग हाताने फिरवून जुन्या कारागिराने पत्ता, हूक आणि धागा दाखवावा, आणि त्या तासाची मजुरी त्याला द्यावी. दुसरे, क्लासची फी भरण्यापूर्वी विचारावे : येथे मूल स्वतः प्रोग्रॅम लिहील की केवळ तयार प्रोग्रॅम वापरील? दुसरे असेल तर ते टायपिंगचे शिक्षण समजून तेवढेच पैसे द्यावेत. तिसरे, मुलाला दुकानातलेच एखादे काम सांगावे. थानात किती मीटर, कोणाकडे किती उधारी, किती दिवसांची, याचा छोटा प्रोग्रॅम त्याला लिहू द्यावा. चुकला तर रागावू नये. वहीशी ताळा करून चूक त्यालाच शोधू द्यावी.

यासाठी कोणत्याही सरकारी योजनेची वाट पाहावी लागत नाही. माग आपला आहे, हुनर आपला आहे, मूलही आपले आहे. उद्या त्याने विचारले, "अब्बा, कॉम्प्युटरला कसे कळते?" तर त्याला क्लासचा पत्ता देण्याआधी जॅकार्डचा पत्ता हातात द्यावा आणि म्हणावे, ये, बस, दाखवतो.